एचेवेरिया: पाणी बेताचं, रात्र गार

एचेवेरिया, म्हणजे जाड, रसाळ पानांचं कुंडीतलं शोभेचं झाड, पावसाळ्यात कुजली की आपण सगळा दोष पाण्याला देतो. उबदार रात्रीही तितक्याच जबाबदार असतात.

घरोघरी दिसणारी एचेवेरिया एलेगान्स मूळची मेक्सिकोतल्या इदाल्गो राज्यातल्या कोरड्या, डोंगराळ भागातली. तिथे दिवसा ऊन लख्ख आणि रात्री गारवा. पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा बंद ठेवून ती रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि उजाडल्यावर त्याची साखर करते. रात्र तापलेली असेल तर रंध्रं नीट उघडत नाहीत, वाढ मंदावते, मुळं पाणी ओढेनाशी होतात. माती ओलीच राहते आणि बुरशीचं फावतं. कोकणापेक्षा पुणे-नाशिकच्या थंडीत ही झाडं खुलतात ती यामुळेच.

कुंडी मातीची, आठ-दहा सेंटिमीटरची, तळाला भोक असलेली घ्या. दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग चाळलेलं कंपोस्ट. काळी माती अजिबात नको. थंडीत माती तळापर्यंत सुकली की भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या; पावसाळ्यात कुंडी छपराखाली हलवा आणि पानं मऊ पडून सुरकुतली तरच द्या. पानं पिवळट, पारदर्शक, पाणचट झाली असतील तर उलटा प्रकार: मुळं सडू लागली आहेत. खोडाचा काळा भाग कापून निरोगी शेंडा आठवडाभर सावलीत सुकवा, मगच लावा.

पानांवरची पांढुरकी पावडर म्हणजे मेण. ते उन्हापासून जपतं. बोटानं पुसलं गेलं की त्या पानावर पुन्हा येत नाही. म्हणून झाड खोडाला धरूनच हाताळावं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते मात्र मेण नव्हे, पिठ्या ढेकूण ही कीड. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसानं टिपून काढा.

उजेड कमी पडला की खोड लांबतं, पानं विरळ होतात. तो आकार परत येत नाही, शेंडाच कापावा लागतो. खाली उरलेली पानं फेकू नका. पान हलकेच डावी-उजवीकडे हलवून बुडासकट सोडवायचं, कारण नवं रोप त्या बुडाच्या पेशींतूनच फुटतं. अर्धवट तुटलेलं पान नुसतं वाळून जातं. तीन-चार दिवस सुकवून कोरड्या मिश्रणावर आडवं ठेवा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही, नंतर हलका फवारा. ज्यातून रोप फुटलं ते आईचं पान आपोआप सुकून गळेपर्यंत ते ओढून काढू नये.