बोटीची रेस आपोआप का उतरते?

खाडी ओलांडणाऱ्या एका छोट्या डिझेल बोटीत तांडेलाच्या शेजारी बसलो होतो. त्याचा एक हात सुकाणूच्या चाकावर, दुसरा इंजिनाची रेस कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या दांड्यावर. दांड्यावरचा हात काढला की तो हळूहळू मागे यायचा आणि इंजिनाचा आवाज खाली बसायचा. शेवटी त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि दांडा पुढे ओढून बांधून टाकला. "नवी केबल टाकली ना दादा, तेव्हापासून हे सुरू झालंय. केबलच खराब निघाली."

केबल खराब नव्हती. ती चांगली होती, म्हणूनच दांडा घसरत होता.

मोटारसायकलची मूठ सोडली की रेस उतरते, कारण इंजिनाकडची स्प्रिंग ती मागे खेचते. बोटीच्या इंजिनावरही बहुतेक वेळा अशी स्प्रिंग असते. पेट्रोलच्या इंजिनात ती कार्ब्युरेटरवर असते, जुन्या धाटणीच्या डिझेलमध्ये गव्हर्नरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या ताब्यात ठेवणाऱ्या भागात. केबल तुटली तर इंजिन पिसाटू नये, रेस आपोआप खाली यावी, यासाठी ती असते. पण बोट तासन् तास एकाच वेगाने चालवायची असते आणि तांडेलाला हात मोकळे हवे असतात. म्हणून दांड्याच्या बुडाशी एक छोटा ब्रेक दिलेला असतो: घर्षणाची चकती आणि तिला दाबणारा स्क्रू. ट्रॅक्टरच्या हाताच्या अ‍ॅक्सिलेटरलाही हीच सोय असते. स्प्रिंग मागे ओढते, ब्रेक धरून ठेवतो. ब्रेकची पकड स्प्रिंगच्या ओढीपेक्षा जास्त असेल तोवर दांडा हलत नाही.

मग नव्या केबलने काय बिघडवलं? जेट्टीवर बोट बांधताना खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंट्याला देतो आणि मोकळं टोक नुसतं हातात धरतो. तेवढ्यावर अख्खी बोट थांबते. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. दोर आणि खुंटा यांच्यातला घर्षणांक (दोन पृष्ठभागांमध्ये किती घर्षण होतं त्याचं माप) ०.२५ असेल तर एका पूर्ण वेढ्याला ओढ सुमारे पाचपट पेलली जाते, दोन वेढ्यांना तेवीसपट. स्विस गणिती ऑयलर याने अठराव्या शतकातच हे गणित मांडलं होतं.

थ्रॉटलची केबलही दांड्यापासून इंजिनापर्यंत वळणं घेत जाते. चार काटकोन झाले की एक पूर्ण वेढा झाला. खाऱ्या हवेने गंजलेल्या जुन्या केबलीत घर्षणांक ०.३ धरला, तर स्प्रिंगच्या ओढीपैकी जेमतेम १५ टक्के दांड्यापर्यंत पोहोचते. बाकीची वाटेतली वळणंच खातात. नव्या गुळगुळीत केबलीत तो ०.१ धरला, तर ५३ टक्के ओढ दांड्यावर येते. स्प्रिंग तीच, पण दांड्यावरचा भार साडेतीनपट! हिशोब ढोबळ आहे, पण त्या बोटीवर काय झालं ते यातून नीट कळतं. ब्रेक केव्हाचाच ढिला झाला होता. त्याचं काम इतके दिवस गंजकी केबल करत होती, आणि रेस वाढवताना तांडेलाचा हात भरून यायचा तो तिच्यामुळेच.

यात भर पडते इंजिनाच्या थरथरीची. स्वयंपाकघरातला मिक्सर चालू असताना ओट्यावर सरकतो, व्हायब्रेटवर ठेवलेला फोन टेबलाच्या कडेला जातो, तसाच हा प्रकार. चार सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चाललं की सेकंदाला ५० स्फोट होतात, तासाला १ लाख ८० हजार. प्रत्येक धक्क्याला चकतीवरची पकड क्षणभर सैल पडते आणि तेवढ्यात स्प्रिंग दांडा ओढून घेते. एका वेळी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग जरी सरकला, तरी तासाभरात १८ मिलिमीटर होतात. म्हणून जेट्टीला उभ्या बोटीत दांडा एकदम ठीक वाटतो आणि खाडीच्या मुखाशी, लाटांमध्ये, नेमका दगा देतो. तिथे हे परवडत नाही: प्रोपेलरच्या फेऱ्या १० टक्क्यांनी घटल्या की त्याची ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते.

रबर बांधणं मात्र फार धोक्याचं आहे, आणि हे मी त्या तांडेलालाही कळकळीने सांगितलं. समोर जाळं किंवा माणूस आला तर रेस एका झटक्यात खाली आणता आली पाहिजे.

दुरुस्तीआधी एक गोष्ट बघायची: दांडाच मागे येतो की दांडा जागेवर असून रेस उतरते? दांडा जागेवर असेल तर ब्रेकला हात लावू नका. केबलचं बाहेरचं आवरण पकडणारा क्लॅम्प सुटलाय का, डिझेलचा फिल्टर तुंबलाय का, ते बघा. दांडाच येत असेल तर इंजिन बंद करून बुडाशी असलेला घर्षणाचा स्क्रू पाव-पाव फेरी आवळा. चकती आणि धातू वरून सपाट दिसले तरी एकमेकांना टेकतात ते फक्त बारीक उंचवट्यांवर. दाब वाढला की असे टेकणारे ठिपके वाढतात आणि त्याच प्रमाणात घर्षण वाढतं. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हे उलगडून दाखवलं.

स्क्रू आवळूनही फरक पडला नाही तर चकती झिजलेली असते किंवा तिला तेल लागलेलं असतं. गंजलेला स्क्रू सोडवायला मारलेला तेलाचा फवारा बहुतेक वेळा तिच्यावरच जातो. तेलकट चकती बदललेलीच बरी. स्क्रू थरथरीने पुन्हा सैल होत असेल आणि त्याला लॉकनट असेल, तर त्याच्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) घाला.

आवळायचं किती, ते मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने मोजता येतं. केबल इंजिनाकडून सोडवा, काटा दांड्याच्या टोकाला अडकवून ओढा आणि दांडा किती किलोला सुटतो ते बघा. मग केबल जोडून मागच्या दिशेने तसंच ओढा. हा आकडा कमी येईल, कारण आता स्प्रिंग तुमच्या बाजूने ओढतेय. तो शून्याजवळ असेल तर थरथर सुरू होताच दांडा घसरणार. एका हाताने सहज मागे घेता येईल, पण आपणहून येणार नाही, एवढंच आवळा. मग दांड्याच्या बुडाशी पेन्सिलीची खूण करून बोट अर्धा तास नेहमीच्या रेसवर चालवा आणि खूण सरकली का ते बघा.