दिव्यांग किती, सांभाळणारे किती: जनगणनेतले दोन वेगळे प्रश्न

दिव्यांगांचा आकडा हाती आला की त्यांना सांभाळणाऱ्यांचा आकडा आपोआप निघतो, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. एका दिव्यांगामागे एक सांभाळणारा, की झाला हिशेब. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) दिव्यांगांपैकी ६२.१ टक्क्यांना सांभाळणारं कोणी होतं. उरलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना त्याची गरजच नव्हती. दुसरीकडे, रोज कोणीतरी उठवून बसवावं लागतं अशी कितीतरी म्हातारी माणसं दिव्यांग म्हणून नोंदलीच जात नाहीत. घरचे म्हणतात, "अपंग नाही हो, वय झालं आता."

नागपूरच्या नंदनवनमधलं एक घर धरा. सासूबाईंना लकवा मारून गेलाय. आंघोळ, जेवण, रात्री दोनदा कूस बदलणं हे सून करते. मानेवाड्याला दिलेली मुलगी आठवड्यातून तीन दुपारी येऊन बसते, तेवढ्यात सून बाहेरची कामं उरकते. मुलगा पुण्यात आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो. जनगणनेच्या फॉर्ममध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ असते. त्यात दोन्ही प्रश्न असते, तर दिव्यांगत्वाच्या प्रश्नाला या घरात एकच "हो" आहे, सासूबाईंच्या ओळीत. सांभाळण्याच्या प्रश्नाला दोन "हो" आहेत: एक सुनेच्या ओळीत, दुसरा मानेवाड्याच्या घरी मुलीच्या ओळीत. पुण्याचा मुलगा यात येत नाही, कारण इथे रुपये नाही, तास मोजायचे असतात. दिवसभरासाठी पगारी बाई ठेवली असेल तर तीही नाही. तिची नोंद कामगार म्हणून होते.

म्हणजे पहिला प्रश्न ज्याला अडचण आहे त्याचा, दुसरा जो राबतो त्याचा. एकाच माणसाला दोन्ही लागू पडू शकतात. पोलिओ झालेला मुलगा आईला डायलिसिसला नेत-आणत असेल, तर त्याच्या ओळीत दोन्हीकडे "हो" यायला हवं.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत पहिला प्रश्न होता, दुसरा नव्हता. पहिल्याचे तीन भाग होते: व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का, असेल तर आठांपैकी कोणता कोड (दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदता, मानसिक आजार, इतर, बहुविध), आणि बहुविध असेल तर जास्तीत जास्त तीन प्रकार. देशाचा आकडा आला २.६८ कोटी, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, महाराष्ट्राचा २९.६३ लाख. देशाच्या आकड्यातले ४९ लाखांहून अधिक लोक "इतर" या एकाच कोडात गेले. इतकी माणसं एका खणात कोंबली की धोरणाच्या दृष्टीने तो खण जवळपास निकामी होतो.

आकड्यांवर व्याख्येचा परिणाम किती होतो, ते २००१ आणि २०११ शेजारी ठेवल्यावर दिसतं. २००१ मध्ये एका डोळ्याने न दिसणारा माणूस दृष्टिदोषात धरला होता, २०११ मध्ये नाही. श्रवणयंत्राने ऐकू येणारा माणूस २००१ मध्ये वगळला होता, २०११ मध्ये धरला. दृष्टीचा आकडा १ कोटी ६ लाखांवरून ५० लाखांवर उतरला आणि श्रवणाचा १२.६ लाखांवरून ५०.७ लाखांवर चढला. दहा वर्षांत देशातले निम्मे अंध डोळस झाले असं कोणी समजू नये. तेव्हा दोन जनगणनांची तुलना करण्याआधी प्रगणकांची (घरोघर जाऊन माहिती भरणाऱ्यांची) सूचना-पुस्तिका उघडावी, तक्ते नंतर.

या आकड्यांचा प्रमाणपत्राशीही घोळ घातला जातो. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणी होऊन मिळणारं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र) दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर चालतं, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. जनगणना घरच्यांच्या सांगण्यावर चालते. प्रगणकाने कागद मागायचा नसतो. कागद नाही म्हणून "नाही" लिहिणं ही सरळ चूक आहे. विदर्भात याचं ठळक उदाहरण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे, पण २०११ च्या यादीत त्याला स्वतःचा कोड नव्हता.

"अपंग आहे का?" असं थेट विचारलं की लोक आखडतात. लग्नाची मुलगी घरात असेल तर तिच्या भावाचा मानसिक आजार हमखास लपतो. म्हणून वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगांच्या मोजणीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या सहा प्रश्नांच्या संचात तो शब्दच टाळला आहे. पाहणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, आठवणं व लक्ष देणं, स्वतःची आंघोळ-कपडे, बोलणं समजणं व समजावणं, या सहांत किती अडचण येते एवढंच विचारायचं. उत्तरं चार: अडचण नाही, थोडी, बरीच, अजिबात जमत नाही. सहांपैकी एकातही "बरीच" किंवा त्यापुढचं उत्तर आलं की ती व्यक्ती दिव्यांगांत मोजली जाते. "वय झालं" म्हणून सुटून जाणारी आजी इथे सापडते. उणीव अशी की मानसिक आजार यातही नीट पकडला जात नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हा संच नाही.

सांभाळणाऱ्याचा प्रश्न बांधणं याहून अवघड आहे. त्यात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: कारण (दीर्घ आजार, दिव्यांगत्व किंवा म्हातारपण; धडधाकट मुलांचं संगोपन नव्हे), बिनपगारी असणं, घराबाहेरच्या माणसाला केलेली मदतही धरणं, किमान वय, आणि आठवड्याचे तास. ब्रिटनमध्ये हा प्रश्न २००१ पासून विचारला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ ला तासांचे पाच गट होते: ९ पर्यंत, १० ते १९, २० ते ३४, ३५ ते ४९ आणि ५० किंवा अधिक. २०११ च्या मानाने शब्दरचनाही बदलली होती. वर ते कोविडचं साल. सांभाळणारे ५८ लाखांवरून ५० लाखांवर आले. यातली खरी घट किती आणि प्रश्न बदलल्यामुळे किती, हे वेगळं काढणं कठीण, म्हणजे आपल्या दृष्टिदोषाच्या आकड्याचीच गत.

आपल्याकडे नंदनवनच्या सुनेसारखी बाई २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात "घरकाम" या कोडात आहे. त्यात फक्त स्वयंपाक करणारी आणि लकव्याच्या माणसाला दिवसरात्र सांभाळणारी, दोघी सारख्याच. वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात थोडा उजेड पडतो. २०२४ मध्ये १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रियांनी घरातल्यांची देखभाल केली, दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. पण यात मुलांचं संगोपनही मिसळलेलं आहे, शिवाय सर्वेक्षण नमुन्याचं. नागपूर महापालिकेच्या दहा झोनांपैकी आशीनगरात किती आणि धरमपेठेत किती, हे त्यातून निघत नाही. ते घरोघरच्या मोजणीतूनच निघू शकतं.

विचारताना हमखास चुकतं ते उत्तर देणाऱ्याच्या बाबतीत. दारात कुटुंबप्रमुख येतो आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो. दिव्यांगत्वाबद्दल तो निदान ढोबळ सांगू शकतो. सुनेचे तास त्याला ठाऊक नसतात आणि तिला थेट विचारलं तरी ती म्हणते, "घरचंच माणूस आहे, त्यात सांभाळणं कसलं?" म्हणून कामं उच्चारून विचारावं: आंघोळ, संडास, औषधं, दवाखान्याला नेणं, रात्री उठणं. रात्रीची राखण तासांत धरायची की फक्त प्रत्यक्ष उठल्याचा वेळ, हे पुस्तिकेतच ठरलेलं हवं. नाहीतर एक प्रगणक ५६ तास लिहील आणि दुसरा ७. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान घरात येतं म्हणून सुनेला पगारी समजू नये, ते अनुदान सासूबाईंचं आहे.

क्रमही महत्त्वाचा. दिव्यांगत्वाला "हो" आलेल्या घरातच दुसरा प्रश्न विचारायचा, अशी सोय प्रगणकांच्या मोबाइल अॅपमध्ये करण्याचा मोह होईल, कारण वेळ वाचतो. तसं केलं तर मानेवाड्याची मुलगी गळते, कारण तिच्या घरी दिव्यांग कोणीच नाही. दुसरा प्रश्न प्रत्येक घरात, ठरलेल्या वयापुढच्या प्रत्येकाला, स्वतंत्र विचारावा लागतो.