चर्चमध्ये गातात ते स्तोत्र की गीत?

नाताळच्या बातमीत हमखास एक वाक्य असते: ‘चर्चमध्ये स्तोत्रे गाण्यात आली.’ प्रत्यक्षात गायलेली असतात बहुतेक गीते. दोष बातमीदाराचा नाही. स्तोत्र म्हटले की आपल्याला रामरक्षा आठवते, मग भक्तिभावाने म्हटलेले काहीही स्तोत्रच वाटते.

ख्रिस्ती मंडळीत स्तोत्र म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० काव्यांपैकी एक. मूळ हिब्रू, येशूच्या जन्माआधीचे. म्हणून त्यात येशूचे नाव नसते. गीत म्हणजे पुढच्या काळात कुणा भक्ताने रचलेले पद. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग मराठी उपासनेत गातात, ती गीते.

सगळी स्तोत्रे आनंदाची असतात असेही नाही. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटचे, दीडशेवे मात्र निव्वळ जल्लोष आहे: शिंग, वीणा, डफ, बासरी, झणझणणाऱ्या झांजा आणि नाचसुद्धा! ते वाचताना मला भजनी मंडळच दिसते.

गंमत पुढे आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मंडळींनी उपासनेत मुख्यतः स्तोत्रेच ठेवली, तीही वाद्यांशिवाय. वाद्ये जेरुसलेमच्या मंदिरातल्या जुन्या विधींची, ती आता लागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ‘झांजा वाजवा’ हे गायचे, पण झांज हातात घ्यायची नाही. स्कॉटलंडच्या ‘फ्री चर्च’ या कॅल्व्हिनच्या वाटेने जाणाऱ्या पंथातही पिढ्यान्‌पिढ्या हीच शिस्त होती. गीते आणि वाद्ये यांना मोकळीक देणारा ठराव झाला तो २०१० मध्ये. आपल्याकडे पेटी-तबल्यावर उपासना ऐकलेल्या माणसाला हे खरे वाटणार नाही.

स्तोत्र आणि गीत या दोन्हींची सरमिसळ करणारा माणूस म्हणजे इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्स. दाविद राजाच्या नावाने ओळखली जाणारी बायबलमधली स्तोत्रे ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभतील अशी त्याने नव्याने रचली, आणि १७१९ साली ती पुस्तकरूपाने आली. नाताळात जगभर गाजणारे ‘जॉय टू द वर्ल्ड’ त्यातलेच. त्याचा आधार अठ्ठ्याण्णवावे स्तोत्र, म्हणून त्यात ना गोठा, ना मेंढपाळ. स्तोत्रातली वीणा, कर्णे आणि शिंग मात्र वॉट्सच्या कडव्यांतून गळाली. मूळ स्तोत्र असले तरी रचना माणसाची, तेव्हा हे गीतच.

चर्चमध्ये बसल्यावर क्रमांकाने फसू नका. ‘स्तोत्र शंभरावे’ असे पुकारले तर बायबल उघडायचे, ‘गीत क्रमांक शंभर’ म्हटले तर गीतांचे पुस्तक. दोन्हींत शंभर आहे, आणि चुकीचे पान उघडून शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावणारे दर रविवारी एकदोघे तरी असतातच.