मोतीबिंदू पिकेपर्यंत मोडणारे खुबे

माण-खटाव असो की जत, घरातलं म्हातारं माणूस पडलं की आधी पाय बघतात, मग बीपी-शुगर. डोळ्यांची आठवण फार उशिरा होते. आणि डोळे दाखवायचं निघालंच, तर कुणीतरी म्हणतं, ‘अजून पिकला नाही, पिकू दे की.’

या सल्ल्याला एके काळी अर्थ होता. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हा मोतीबिंदूनं गढुळलेलं डोळ्यातलं भिंग काढता येई, पण त्याजागी बसवायला काही नव्हतं. मग नाकावर जाड काचांचा चष्मा यायचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, कडेचा पट्टा दिसायचाच नाही, आणि पायरी वाटायची तिथं पायरी नसायची. नजर पुरती गेल्याशिवाय हे ऑपरेशन नको, हे बरोबरच होतं.

लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली कृत्रिम भिंग बसवलं. आपल्याकडे १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आहे, पण शिबिरांतून जाड चष्मेच बरीच वर्षं मिळत राहिले. जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प १९९४ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत आला आणि भिंग बसवण्याचा प्रसार वाढला. थांबण्याचं कारण संपलं. सल्ला मात्र घराघरांत टिकून राहिला.

त्याची किंमत इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या अभ्यासात दिसते. सत्तरीपुढच्या ३०६ बायकांपैकी निम्म्यांचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात केलं, बाकीच्यांना वर्षभर थांबवलं. २००५ साली निष्कर्ष आला: लवकर ऑपरेशन झालेल्यांचं पडणं ३४ टक्क्यांनी कमी. हाड मोडलं त्यांच्यात ४ जणींचं, थांबलेल्यांत १२ जणींचं.

मोतीबिंदूत अक्षरांआधी रंगांमधला फरक पुसट होतो. सारवलेल्या अंगणात उतरणारी त्याच मातीची पायरी आजीला दिसतच नाही, संध्याकाळी तर नाहीच. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढला तरी फरक पडतो. दूर-जवळच्या जोड-चष्म्याचंही तसंच: खालचा भाग वाचण्यासाठी असतो, आणि उतरताना नजर नेमकी तिथूनच जाते.

काचबिंदू मात्र वेगळा. त्यात गेलेली नजर परत येत नाही, आणि बहुधा कडेचीच आधी जाते. समोरच्याला नावानं हाक मारणारे आजोबा बाजूच्या खाटेला अडखळतात, ते यामुळेही असू शकतं. डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासल्याशिवाय तो कळत नाही. तक्त्यावरची अक्षरं तर ते बऱ्याच उशिरापर्यंत वाचून दाखवतात.