तोफा उडणार हे माहीत असूनही

शेवट कळला की नाटकातला राम गेला, असं मानणाऱ्यांनी एकदा बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघावी. वैशाखातल्या त्या रात्री गल्ल्यागल्ल्यांची मंडळं सजीव देखावे घेऊन निघतात. पावनखिंड आली की पेंगणारी माणसंही ताठ होतात. बाजीप्रभू १६६० सालीच पडले, त्यात कुणाला शंका? तरी विशाळगडाच्या तोफांची वाट बघताना अंगावर काटा येतो. "आता तोफा उडतील बघ की," असं शेजारणीला सांगता सांगता एखादी बाई पदर डोळ्यांना लावते. तोफा उडायच्या आधीच!

हे 'आधीच' मला फार आवडतं, कारण मेंदूतलं डोपामाइन नेमकं तिथं काम करतं. त्याला सुखाचं रसायन म्हणतात, ते अर्धंच खरं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. अवचित फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळायच्या. रसाच्या आधी खूण दाखवायची सवय लावल्यावर त्या खुणेलाच उसळू लागल्या, रसाला नाही. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर रसाच्या ठरलेल्या वेळी त्या थंडावत. म्हणजे त्या सुख मोजत नव्हत्या, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजत होत्या.

पण मग दहाव्यांदा बघितलेली पावनखिंड सपक लागायला हवी. तशी लागत नाही.

२०११ मध्ये माँट्रियलला व्हॅलरी सलीमपूर आणि रॉबर्ट झाटोरे या संशोधकांनी लोकांना त्यांचं स्वतःचं आवडतं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं. त्यांना रॅक्लोप्राइड नावाचं द्रव्य टोचलं, त्यात किरणोत्सारी कार्बन-११. हे द्रव्य डोपामाइनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवर डोपामाइन जिथं चिकटतं त्या जागांवर, जाऊन बसतं. खरं डोपामाइन सुटलं की जागेसाठी चुरस होते आणि द्रव्याला कमी जागा मिळते. म्हणून किरणोत्सार टिपणाऱ्या पेट स्कॅनमध्ये संकेत जितका क्षीण, तितकं डोपामाइन जास्त, असा उलटा हिशेब. कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे सगळी घाईच. पेटला क्षणाक्षणाचं दिसत नाही, म्हणून त्याच माणसांचा एफएमआरआय, म्हणजे मेंदूची हालचाल दाखवणारा दुसरा स्कॅनही काढला. दोन्ही जुळवल्यावर दिसलं, की संगीतातला आवडता क्षण येण्यापूर्वी मेंदूतला कॉडेट हा भाग जागा होतो आणि प्रत्यक्ष त्या क्षणी न्यूक्लियस ॲक्युम्बन्स हा दुसरा भाग. ओळखीच्या कलाकृतीत वाट बघण्याचं फळ वेगळं, पोहोचण्याचं वेगळं.

संगीतावरून नाटकावर उडी मारतोय, हे मान्य. पण खानापूर तालुक्यातल्या नंदगडला १८३१ साली फाशी गेलेल्या, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचं कन्नड नाटक बघणाऱ्यांनाही शेवट पाठच असतो, आणि दोर दिसायच्या आधीच तिथंही नाकं ओढल्याचे आवाज येतात.

काटा येणं म्हणजे अंगात कुणी संचारणं नव्हे, बरं का. केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आवळतो, इतकंच. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या 'डोपामाइन डिटॉक्स'चंही तसंच. डोपामाइन शरीरातून धुऊन काढायची घाण नाही. ते कमी पडलं की पार्किन्सनच्या आजारात हातपाय आखडतात.

आता मूळ कोड्याकडे. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की खूण आणि रस यांतलं अंतर वाढवलं तर अपेक्षित रसालाही पेशी जास्त उसळतात. मेंदूचं घड्याळ लांबच्या वेळेला अंधुक होतं. काय येणार हे पक्कं, कधी येणार हे धूसर. माझ्या मते कसलेला नट नेमका याच धूसरतेवर जगतो. शेवटच्या वाक्याआधी तो एक श्वास जास्त थांबतो, दुसऱ्या प्रयोगात दोन. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर ओठ हलवणाऱ्या बाजीप्रभूला ही सोय नाही, त्याची तोफ दरवर्षी त्याच सेकंदाला उडते. असे देखावे मी खुशाल पुढं जाऊ देतो. स्वतःच्या गळ्यानं बोलणारा आला की मात्र गर्दीत घुसतो.