राफ्टची दोरी कुठे बांधली आहे?

माझा भाचा मर्चंट नेव्हीत थर्ड मेट, म्हणजे जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी आहे, मुंबईला पीएससीआरबीचा रिफ्रेशर करून तो चार दिवस आमच्याकडे बडोद्याला राहायला आला होता. पीएससीआरबी म्हणजे लाइफबोट, लाइफराफ्ट (फुगवता येणारा रबरी तराफा), रेस्क्यू बोट हे सगळं हाताळायचं ट्रेनिंग. खलाशांच्या ट्रेनिंगचा एसटीसीडब्ल्यू नावाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात हे येतं, आणि एकदा पास झालं की संपलं असं नाही, दर पाच वर्षांनी परत जाऊन करून दाखवावं लागतं. मी म्हटलं, अरे एकदा शिकलास ना, परत कशाला? तर म्हणाला, "मावशी, डोक्याला आठवतं गं, हात विसरतात."

मी बरीच वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, त्यामुळे मग मी त्याला सोडलाच नाही, सेव-उसळ खाता खाता दोन संध्याकाळी नुसते प्रश्न विचारत बसले. आमच्या बडोद्याला समुद्र नाही पण पाणी काय करू शकतं ते इथे सगळ्यांनी बघितलंय. ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा लोकांना रबरी बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं, आणि त्याच वर्षी १८ जानेवारीला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दिवसानंतर मला बोट, लाइफजॅकेट असले शब्द नुसते शब्द म्हणून ऐकताच येत नाहीत.

तर भाच्याच्या बॅगेत एक प्लास्टिकची गोल चपटी डबी होती, मुठीएवढी, तिच्यातून जाड पांढऱ्या दोरीचा फास गेलेला. ह्याला एचआरयू म्हणतात, हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट. ती एक्सपायर झालेली होती (हे बहुतेक दोन वर्षांनी बदलावे लागतात), म्हणून नमुना म्हणून त्याच्याकडे आलेली. जहाजाच्या डेकवर पिंपासारखे पांढरे आडवे डबे असतात ना, त्यात लाइफराफ्ट घडी करून भरलेला असतो आणि तो डबा ज्या पट्ट्यानं डेकला आवळलेला असतो त्या पट्ट्याला ही डबी धरून ठेवते. आता समजा जहाज इतक्या झटकन बुडालं की राफ्टपर्यंत कोणाला पोचताच आलं नाही, तर? जहाज खाली जातं तसा पाण्याचा दाब वाढतो, दर दहा मीटरला साधारण एक वातावरण एवढा, म्हणजे चार मीटरवर एका चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ ४०० ग्रॅम जास्तीचं वजन. एवढंसंच, पण डबीच्या आतला पडदा तेवढ्यानं दबतो, स्प्रिंग सुटते आणि आतलं पातं दोरी कापतं. चार मीटरच्या आत हे व्हायलाच हवं असा नियम आहे. वीज नाही, बॅटरी नाही, माणूस नाही. मी ती डबी हातात धरून किती तरी वेळ बघत होते, मुलांना पास्कल शिकवताना हे माझ्या टेबलावर असायला हवं होतं असं फार वाटलं.

पण खरी गंमत पुढे आहे. डबा सुटून वर तरंगतो, पण राफ्ट अजून फुगलेला नसतो. राफ्टला एक लांब दोरी असते, जहाजावर तिला पेंटर म्हणतात. तिचं एक टोक डब्यातल्या गॅसच्या सिलिंडरला आणि दुसरं जहाजाला, बुडणारं जहाज दोरी ताणत नेतं, शेवटी झटका बसून सिलिंडर उघडतं आणि राफ्ट फुगतो. म्हणजे बुडणारं जहाजच राफ्ट फुगवून देतं! आता फुगलेला राफ्ट जहाजाला बांधलेला, जहाज तर खाली चाललंय, तो पण जाईल ना खाली? म्हणून पेंटरचं जहाजाकडचं टोक थेट डेकला नाही बांधायचं, ते वीक लिंकला बांधायचं, हा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा असतो, साधारण सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटणारा. राफ्टचा तरंगण्याचा जोर त्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून लिंक तुटते आणि राफ्ट मोकळा होतो.

आणि चूक नेमकी इथेच होते. कोणीतरी चांगल्या मनानं, पक्कं असावं म्हणून, पेंटर सरळ डेकच्या कडीला घट्ट बांधून टाकतो. बाहेरून बघितलं तर सगळं नीटनेटकं दिसतं, पण ती गाठ राफ्टला जहाजाबरोबर तळाला घेऊन जाईल. कोर्समधे ही गाठ चुकीची बांधून ठेवतात आणि काय चुकलंय ते शोधायला लावतात म्हणे. मला ही शिकवायची पद्धत अतिशय आवडली.

राफ्ट फुगला की त्यातून फुस्स आवाज येत राहतो. नवीन माणूस घाबरतो, पंक्चर झालं म्हणून, पण तो जास्तीचा गॅस व्हॉल्व्हमधून बाहेर पडत असतो. शिवाय मुख्य ट्यूबचे कमीत कमी दोन वेगळे भाग असतात, एक फुटला तरी दुसरा सगळ्यांना तोलून धरतो. वाऱ्यात राफ्ट कधीकधी उलटाच फुगतो, आणि तो सुलटा करणं हा ह्या ट्रेनिंगचा सगळ्यात दमवणारा भाग. पंचवीस माणसांचा राफ्ट १८५ किलोपर्यंत असू शकतो आणि तो एकट्यानं उलटवायचा असतो, तेही लाइफजॅकेट घालून, पाण्यात, जिथे पाय टेकायला काही नाही. ताकदीनं होतच नाही ते. सिलिंडर राफ्टच्या ज्या बाजूला असतं ती बाजू वारा जिकडे वाहत जातोय त्या अंगाला आणायची, सिलिंडरवर उभं राहायचं, राफ्टच्या बुडावरचा पट्टा धरायचा आणि पूर्ण शरीर मागे झोकून द्यायचं, समोरची कड उचलली की तिच्याखाली वारा शिरतो आणि उरलेलं काम तोच करतो. जडपणा पायाखाली, पकड लांब, आणि वारा आपल्या बाजूनं, तरफेचा धडा आहे हा अख्खा. मग राफ्ट अंगावरच येतो! तेव्हा घाबरून खाली बुडी मारायची नाही, तोंड वर ठेवून उताणं, हातानं राफ्टचा तळ वर ढकलत ढकलत बाहेर सरकायचं. भाचा म्हणाला पहिल्या वेळी ते दोन क्षण अंधारात फार लांब वाटतात, दुसऱ्या वेळी नाही वाटत.

लाइफबोटीचं वेगळंच. ती दोन हुकांवर टांगलेली असते आणि पाण्यात टेकल्यावर दोन्ही हुक एकदम सुटायला हवेत, एकच सुटला तर बोट दुसऱ्यावर उभी लटकते आणि आतली माणसं खाली. वाईट ह्याचं वाटतं की असे बरेच अपघात खऱ्या संकटात झालेलेच नाहीत, ड्रिलमधे म्हणजे सरावात झालेत, नीट बसवलेला नसलेला हुक किंवा गंजलेली वायर. २०१३ मधे कॅनरी बेटांवर ला पाल्मा बंदरात एका प्रवासी जहाजावर ड्रिल चालू असताना वायर तुटली आणि बोटीसकट खाली पडून पाच कर्मचारी गेले. जुन्या धोकादायक हुकांचे नियम तर त्याआधीच बदलले होते, २०१९ पर्यंत ते हुक तपासून सुधारायचे नाहीतर बदलायचे असं ठरलं होतं.

फ्री फॉल बोटीत वायरच नाही, उतारावरून सरळ पाण्यात झेप. वीस मीटरवरून पडलं तर पाण्याला लागताना वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास होतो, म्हणून सीट पाठमोऱ्या असतात, धक्का पूर्ण पाठीवर पसरतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, विचारलं, "आणि बोटच नाही मिळाली तर रे?" तर तो दिवाणखान्यात उभा राहून उडी कशी मारायची ते दाखवायला लागला. एका हातानं नाक-तोंड घट्ट बंद, दुसऱ्या हातानं लाइफजॅकेट वरून खाली दाबून धरायचं, पाय एकमेकांत अडकवायचे, नजर समोर. आजी म्हणाली खाली नाही का बघायचं? नाही, खाली बघितलं की अंग पुढे कलतं. आणि जॅकेट का दाबायचं तर साडेचार मीटरवरून सुद्धा माणूस ताशी ३४ किलोमीटरनं पाण्यावर आदळतो, जॅकेट तरंगायला बघतं म्हणून तिथेच थांबतं, शरीर खाली जातं, आणि मग त्याची कड हनुवटीवर बसते, मान दुखावते. आजीनं बसल्याबसल्या स्वतःचं नाक धरून बघितलं.

टायटॅनिकवर जागा कमी होत्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण होत्या तेवढ्या ११७८ जागांपैकी सुद्धा कितीतरी रिकाम्या गेल्या, वाचले फक्त सातशेच्या आसपास, कारण पहिल्या बोटी अर्ध्याहून रिकाम्याच उतरवल्या. आता दर महिन्याला ड्रिल असतं, आणि पाव भागापेक्षा जास्त क्रू नवीन आला की बंदर सोडल्यापासून २४ तासांत परत. थकलेले लोक कंटाळतात, भाचा पण कंटाळतो, पण टाळत नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर मी विचारलं, नवीन जहाजावर चढल्यावर सामान टाकून पहिलं काय बघतोस? म्हणाला, राफ्टपाशी जातो, खाली वाकून पेंटर हातानं चाचपत चाचपत शेवटपर्यंत जातो, वीक लिंकला बांधलाय का कडीला, ते बघतो.