चित्रपटाच्या गल्ल्याचा अंदाज आम्ही कसा बांधतो
(इंदूर आणि परिसरातील चित्रगृहमालक व वितरक यांच्यासाठी)

चित्रपट किती धंदा करील, याचे उत्तर आम्ही एका आकड्यात देत नाही. किमान, संभाव्य आणि कमाल असे तीन आकडे देतो, आणि मिनिमम गॅरंटीचा (चित्रपट चालो वा न चालो, ठरलेली किमान रक्कम देण्याचा) सौदा किमान आकडा धरूनच करावा, असा आमचा आग्रह असतो. सर्व आकडे नेट, म्हणजे जीएसटी वजा जाता, असतात.

प्रदर्शनाच्या महिनाभर आधी कलाकार, चित्रपटाचा प्रकार, पडद्यांची संख्या आणि त्याच आठवड्यातली स्पर्धा एवढेच हाती असते. या माहितीची मर्यादा ओळखून असावे. रमेश शारदा आणि दुरसुन देलेन यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 834 चित्रपट घेतले होते; रक्कम न सांगता, अपयशी ते तुफान यशस्वी अशा नऊ गटांपैकी चित्रपट कोणत्या गटात बसेल, एवढेच न्यूरल नेटवर्कने (जुन्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीने) सांगायचे होते. नेमका गट 36.9 टक्के वेळा साधला. शेजारचा गटही चालवून घेतला, तेव्हा हे प्रमाण 75.2 टक्के झाले. आम्ही एका आकड्याऐवजी किमान ते कमाल असा पल्ला देतो तो याच कारणाने.

ॲडव्हान्स बुकिंग सुरू झाले की अंदाज सुधारतो. मात्र आपल्याकडे एकपडदा चित्रगृहांत पुष्कळ प्रेक्षक ऐन वेळी खिडकीवरच तिकीट काढतात, म्हणून केवळ ऑनलाइन विक्रीवर विसंबणे आम्हाला धोक्याचे वाटते.

खरा भरवसा सोमवारच्या डीसीआरवर, म्हणजे चित्रगृहाच्या रोजच्या विक्री-अहवालावर. समजा, शुक्रवारी 400 तिकिटे गेली आणि सोमवारी, त्याच दरात व तेवढ्याच खेळांत, 280 गेली, तर प्रेक्षक एकमेकांना चित्रपट सुचवत आहेत असे समजून दुसऱ्या आठवड्याचे खेळ कायम ठेवावेत. हीच संख्या 140 वर आली, तर खेळ कमी करण्याची तयारी त्याच दिवशी करावी. तुलना रुपयांची न करता तिकिटांची करावी, कारण शनिवार-रविवारी दर बदलतात.

देशभराचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चित्रपट वितरणाच्या विभागांना सर्किट म्हणतात; इंदूर सेंट्रल इंडिया सर्किटमध्ये येते, तर याच राज्यातील जबलपूर सीपी-बेरार सर्किटमध्ये. शिवाय रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते आणि निम्मे शहर रस्त्यावर असते. त्या दिवशी सकाळचे खेळ रिकामे गेले, तर तो दोष चित्रपटाचा धरू नये.

अंदाजासाठी मागील दोन वर्षांचे डीसीआर आम्हाला खेळवार द्यावेत, आणि खेळ रद्द झाला असल्यास त्याचे कारण त्या तारखेसमोर लिहावे.